लाल निशिनचा अग्रलेख

सोमवारी दुपारी अग्रलेखाची गॅली, म्हणजे छपाईआधीचं कच्चं मुद्रित, हातात आली आणि चौथ्या परिच्छेदात किनुए मोरिवाकीला एक मासा दिसला. 'आपले विरोधक जनतेच्या वाटेवरून लाल निशिन ओढत नेत आहेत, त्याला भुलू नका,' असं लिहिलं होतं. निशिन तिने जन्मभर खाल्ला होता. सुकवलेला, समुद्री पाल्याच्या पट्टीत गुंडाळून गोडसर शिजवलेला, नव्या वर्षाला तर हमखास. पण लाल निशिन तिने पाहिला नव्हता की ऐकला नव्हता, आणि वाटेवरून मासा ओढत नेईल इतका वेडा माणूस ताकाओका शहरात अजून कुणी नव्हता.

'कुनिबितो' साप्ताहिकाच्या छापखान्यात ती सात वर्षं मुद्रितं तपासत होती. नवरा फिलिपाइन्समधल्या लुझोनच्या लढाईत मारला गेला, मूलबाळ नाही, शाळेत शिकलेलं इंग्रजी लढाईत गुन्हा ठरलं आणि लढाईनंतर कुणी विचारलं नाही. नजर मात्र तीक्ष्ण होती. पानभर छपाईच्या खिळ्यांतला एक उलटा खिळा तिला लांबून टोचायचा. पेपराचा मालक गेन्झो हाताकेनाका. जुना लष्करी माणूस, मांचुरियात गुप्त खात्यात होता, हार झाल्यावर तीन वर्षं तोक्योच्या तुरुंगात काढून खटल्याशिवाय सुटला होता. देशाचा मान, सम्राटाचा मान, परक्यांनी लादलेली राज्यघटना, नवं सैन्य, हे त्याचे विषय. वसंतातल्या निवडणुकीला तो उभा राहणार होता. किनुएला त्याची मतं पटत नव्हती आणि खुपतही नव्हती. तिचं काम अक्षरांशी.

"नोझुएसान, लाल निशिन म्हणजे काय हो?" तिने म्हाताऱ्या मुख्य जुळाऱ्याला विचारलं.

नोझुएने चष्मा कपाळावर सरकवला. "लाल म्हणजे रशियावाले. उत्तरेच्या समुद्रातली मासळी तेच पळवतात ना आजकाल. त्यांचा निशिन तो लाल."

"मग तो वाटेवरून ओढायचा कशाला?"

"राजकारणात काय काय ओढतात, बाई. तू अक्षरं बघ, अर्थ सेन्सेईंवर सोड." हाताकेनाकाला सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत.

एरवी शंका आली की ती चिठ्ठी लिहून गॅलीला टाचत असे. पण हाताकेनाका तोक्योला गेलेला, अंक अडलेला. मासा तसाच छापला गेला.

पुढच्या सोमवारी तोनामीकाकू टोपली घेऊन छापखान्यात शिरली. स्टेशनजवळच्या बाजारातली ही मासेवाली, साठीला आलेली, बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जाई.

"किनुए, तुमच्या पेपराने माझा धंदा बसवला गं. तीन दिवस झाले, निशिनला कुणी हात लावत नाही. काल तांदूळवाल्याची बायको मला विचारते, काकू, हा लाल तर नाही ना? मी म्हटलं, बघ की, चंदेरी आहे, डोळे फुटले का तुझे? तर म्हणते, वरून चंदेरी असेल, आतून कोण जाणे."

नोझुए खिळ्यांच्या खणात तोंड घालून हसला. तेवढ्यात काठी टेकत हाताकेनाकाच आत आला. तोनामीकाकूने त्यालाच धरलं. "सेन्सेई, आमच्या घरची मतं तुम्हालाच असतात. पण मला नीट सांगा, लाल निशिन म्हणजे कुठला निशिन?"

किनुएकडे हात करून हाताकेनाकाने अंक मागितला आणि उभ्याउभ्या चौथा परिच्छेद वाचू लागला. किनुए त्याच्याकडे बघत राहिली. माणूस स्वतःचं लिहिलेलं वाचतो तेव्हा डोळे पुढे पळतात, शब्द ओळखीचे असतात. हाताकेनाकाचे डोळे अनोळखी जिन्यावरून उतरावं तसे एकेक पायरी चाचपत होते, आणि ओठ किंचित हलत होते.

"लाल म्हणजे लाल," शेवटी तो म्हणाला. "तुमचा मासा देशी आहे, काकू. पुढच्या अंकात तसं छापू." टोपलीतली सगळी मासळी त्याने ठेवून घेतली आणि कामगारांत वाटून टाकली.

त्या दिवशी किनुए आपल्या वाटणीचे दोन निशिन घेऊन घरी गेली ती थेट तांदळाच्या पेटीपाशी. लढाईत इंग्रजी पुस्तक घरात सापडलं तर शेजारी बोट दाखवत, म्हणून मिशनच्या शाळेतला शब्दकोश तिने तांदळात पुरला होता. नंतर तो बाहेर काढायचं कारणच पडलं नाही. तिने 'निशिन'चा इंग्रजी शब्द शोधला, आणि त्याच्याखाली बारीक टाइपात तिला तो सापडला. लाल हेरिंग. धुरी देऊन लाल केलेला, उग्र वासाचा मासा. शिकारी कुत्र्यांचा माग चुकवायला तो वाटेवरून ओढत नेत म्हणे, आणि त्यावरून, मुद्द्यावरून लक्ष उडवायची युक्ती. ती पेटीच्या कडेवरच बसून राहिली. रशियाचा या माशाशी काही संबंध नव्हता.

रविवारी तिने मागच्या शरदापासूनचे अंक जमिनीवर पसरले आणि पेन्सिल घेऊन अग्रलेखांतली अवघडलेली वाक्यं उलट इंग्रजीत लिहून पाहिली. जपानीत लंगडणारं वाक्य इंग्रजीत गेलं की सरळ चालू लागे. नोव्हेंबरात 'मांजर पिशवीतून बाहेर पडले' असं आलं होतं, तेव्हा तिनेच ते खोडून 'बिंग फुटले' केलं होतं. जानेवारीत 'शेवटच्या काडीने उंटाची पाठ मोडली.' इथे उंट कुठून आला असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं, पण सेन्सेई मांचुरियात राहिलेले, तिकडे उंट असतात, म्हणून तिने तो राहू दिला होता. अशा किती जागा तिनेच हाताने चोपून सारख्या केल्या होत्या, ते मोजता मोजता तिचे कान गरम झाले.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. शेजारच्या उचिनादाच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या तोफांच्या चाचण्या चालल्या तेव्हा हाताकेनाका अंकामागून अंक आग ओकत होता, आणि चाचण्या थांबल्या तरी अमेरिकेच्या तळांवरचा राग त्याने सोडला नव्हता. शरदापासून त्यावर एक ओळ नव्हती. परके म्हणजे आता फक्त रशियन आणि चिनी.

देशाभिमानाचा हा अग्रलेख इंग्रजीतून येतो, हे तिला कळलं. पण कोण लिहितं, कुठे, आणि अमेरिकेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसाच्या हातात तो कसा पोचतो? तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी, लहानपणी भिंतीपलीकडे कोण बोलतंय ते ऐकायला वाटीला कान लावायची, तसं काहीतरी झालं.

पुढच्या गॅलीला तिने इंग्रजीत चिठ्ठी टाचली. हाताकेनाकाला इंग्रजी वाचता येत नाही, हे तिला ठाऊक होतं; ज्याला येतं त्याच्याकडे तो ती धाडील, असा तिचा कयास होता. तिने लिहिलं : 'लाल हेरिंग आमच्याकडे मासाच राहतो. उंट चालेल, पण या भागात उंट कमी. मूळ वाक्य कळवल्यास योग्य जपानी देता येईल. मुद्रितशोधक.' दर मंगळवारी गॅलीचं पाकीट हाताकेनाकाच्या घरी जाई आणि गुरुवारी परत येई. या गुरुवारी चिठ्ठी जागेवर होती, आणि तिच्याखाली हिरव्या पेन्सिलीने, सुबक इंग्रजीत : 'आभारी आहे. उंटाबद्दल क्षमस्व. आपण कोण? बुधवारी दुपारी मी कानायामाचीत, घंटांच्या ओतशाळेत असतो.'

तो कोण ते कानायामाचीतल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. ओतारांच्या त्या आळीत अमेरिकन एकच, लॉडर नावाचा प्राध्यापक. देवळांच्या घंटांवर पुस्तक लिहितो म्हणून दीड वर्षापासून यायचा, सूर जुळवायचा स्वरकाटा कानाला लावून वहीत काहीतरी टिपायचा.

बुधवारी ती गेली. लढाईत देवळांच्या घंटा वितळवून तोफा केल्या होत्या, त्यामुळे आता प्रत्येक देवळाला नवी घंटा हवी होती आणि ओतशाळेच्या अंगणात त्या रांगेने टांगलेल्या होत्या. लॉडर एका घंटेखाली वाकून उभा होता. उंच, पोक काढलेला, पन्नाशीचा.

"तुम्ही मोरिवाकीबाई?" त्याचं जपानी स्वच्छ होतं, थोडं जास्तच सभ्य.

"आणि तुम्ही हिरवी पेन्सिल."

तो हसला. "मी लिहीत नाही. लिहिणारे लांब आहेत. भाषांतर तोक्योत होतं, आणि त्या माणसाला फार घाई असते. मी पोचवतो फक्त. सेन्सेई आपल्या हाताने उतरवून तुमच्याकडे पाठवतात. तुम्ही आधीच नजर घातलीत तर लंगडणार नाही. घरबसल्या काम."

"ते नंतर. आधी मला विचारू द्या. हाताकेनाकासेन्सेईच का?"

"लोक त्यांचं ऐकतात."

"मांचुरियात त्यांनी काय केलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

लॉडरने स्वरकाटा खिशात ठेवला. "मीच लिहून घेतलंय ते. तुरुंगात, चौदा महिने, रोज सकाळी. तीनशे पानं आहेत."

"आणि तरी सोडलंत?"

"तेव्हा मला वरून विचारायचे, याने काय केलं. मग एक दिवस विचारायला लागले, हा काय करू शकेल. प्रश्न बदलला." त्याने घंटेच्या काठावर बोट टेकवलं. "कायम नाही, बाई. गरज संपली की बाजूला करू. घंटा थंड झाली की साचा फोडतातच ना?"

तेवढ्यात ओतारांनी लाकडी ओंडका झुलवून घंटेवर घातला. नाद अंगणभर घुमत राहिला. लॉडर डोळे मिटून ऐकत होता.

"तुम्हाला घंटांतलं खरंच काही कळतं?" किनुएने विचारलं.

"आलो तेव्हा काही कळत नव्हतं. सांगायला एक कारण हवं होतं म्हणून घंटा." त्याने वहीकडे पाहिलं. "आता कळतं. पुस्तकही होईल कदाचित."

कामाचं तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शुक्रवारी हाताकेनाकाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. तो स्वतःच्या हाताने चहा करत होता.

"तुला कळलंय म्हणे."

"हो."

"लॉडर तुरुंगात समोर बसायचा," पेला पुढे सरकवत तो म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं. "माझ्या बापाने, माझ्या वरिष्ठांनी, बायकोने कधी इतकं ऐकून घेतलं नव्हतं माझं. सुटलो त्या दिवशी वाटलं, आता कुणाशी बोलू. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. त्यांना वाटतं मी त्यांच्या हातातलं बाहुलं. वाटू दे. खुर्ची मिळाली की पहिलं काम त्यांचे तळ उठवायचं."

"सेन्सेई, शरदापासून तळांवर एक ओळ नाही छापली आपण."

"ते नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

त्याने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "रागावलीस?"

"नाही. माझा नवरा लुझोनला गेला तेव्हाचे अग्रलेखही असेच होते. त्यात उंट नव्हता इतकंच. मला फक्त समजून घ्यायचंय."

"काय?"

"दोघंही एकमेकांबद्दल एकच सांगता. गरज संपली की बाजूला करू. मग इतका वेळ एकत्र बसून बोलता तरी काय?"

हाताकेनाका पहिल्यांदाच हसला, आणि क्षणभर तो म्हातारा दिसला. "घंटांबद्दल," तो म्हणाला. "खरं सांगतो. बहुतेक वेळ घंटांबद्दलच."

घरी जाताना किनुएने ठरवलं. दोन शहाण्यांच्या मध्ये बसून तीच सगळ्या खडबडीवर हात फिरवत आली होती. लोकांनी न अडखळता वाचावं ही सोय तिची. ती सोय तिने काढून घेतली. त्या आठवड्यापासून ती फक्त खिळे सरळ करी. वाक्य लंगडत आलं तर लंगडत जाऊ देई. नोझुएच्या ते ध्यानात आलं.

आणि बाजारात जाऊन तिने तोनामीकाकूला लाल निशिनचा अर्थ सांगितला. काकूचं नुकसान खरं होतं, तिला तेवढं कळायलाच हवं होतं.

"म्हणजे माझ्या मासळीचा संबंधच नव्हता?" काकूने सुरी खाली ठेवली.

"काडीचाही नाही."

"मग लिहिणाऱ्याला निशिन काय असतो तेही माहीत नाही?"

"नसावं."

काकूने पाण्याने फळी धुतली, दोनदा धुतली. "निशिन माहीत नसलेला माणूस या किनाऱ्यावर कुठून आला गं?" किनुए काही बोलली नाही, आणि काकूला ते पुरलं.

एप्रिलमध्ये किल्ल्याच्या बागेत चेरी फुलली, तेव्हा भर दुपारी नगरसभागृहात हाताकेनाकाची मोठी सभा झाली. पुढच्या तीन रांगा बाजारातल्या बायकांनी धरल्या होत्या. लॉडर सगळ्यात मागे वही घेऊन बसला होता. हाताकेनाका कागदावरून वाचू लागला. 'आपल्या विरोधकांनी सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली आहेत,' असं तो म्हणाला, आणि तोनामीकाकू उठली.

"सेन्सेई, अंडी कोंबडीची की माशाची? मागच्या खेपेला नीट कळलं नाही म्हणून तीन दिवस माझा माल पडून राहिला, म्हणून विचारते."

सभागृह हसलं. हाताकेनाकाही हसला, पण पुढचं वाक्य त्याला सापडेना. काकू बसली नव्हती. "आणि हे भाषण कुठून येतं हो? ऐकायला आमच्यासारखं लागत नाही."

हसू थांबलं. हाताकेनाकाने कागदाची एक घडी घातली, मग दुसरी, आणि तो किमोनोच्या बाहीत टाकला. किनुएला वाटलं, आता संपलं. तिला बरंही वाटलं.

मग तो कागदाशिवाय बोलू लागला. उचिनादाची वाळू, तोफांच्या आवाजाने बिथरलेली गुरं, अजून उभे असलेले तळ, शरण गेलेला देश, झुकलेली मान. या किनाऱ्याची बोली, आजोबांच्या तोंडच्या म्हणी, एकही शब्द परका नाही. गेलेल्या मुलांची तो नावं घेऊ लागला, आणि मग जिवंत असलेल्यांना सांगू लागला की त्यांची पाळी येईल, यायलाच हवी. वाक्यांत कुठे खोट नव्हती. किनुएच्या हातांवर काटा आला. असंच काहीतरी ऐकून तिचा नवरा स्टेशनवर हसत उभा राहिला होता, आणि तीही. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. तोनामीकाकू केव्हा बसली ते कुणाला कळलं नाही, आणि तिचे डोळे ओले होते. मागे लॉडर लिहायचा थांबला होता.

दारात तो किनुएला भेटला. "तुम्ही आमच्यासाठी लिहायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "ते लंगडणारं तुमच्या हातून सरळ चाललं असतं. हे..."

"हे तुम्हीच सोडलेलं आहे," ती म्हणाली. "तीनशे पानं लिहून."

त्याने मान हलवली. त्यात राग नव्हता. महिनाभरात त्याला परत बोलावलं गेलं, आणि पुस्तक अर्धंच राहिलं.

हाताकेनाका मोठ्या फरकाने निवडून आला. तळांबद्दल तो त्या सभेत जे बोलला, ते पुन्हा कधी बोलला नाही. तोक्योला जाण्याआधी त्याने किनुएला सचिव म्हणून ये म्हटलं. माझं वाचणारी तू एकटीच, असं कारण दिलं. ती नको म्हणाली आणि तोयामाला औषधांची माहितीपत्रकं छापणाऱ्या छापखान्यात लागली. अर्धा चमचा की पाव चमचा, जेवणाआधी की नंतर, यावर तिथे माणसाचा जीव अवलंबून असे. तिला ते आवडलं.

शरदात नोझुए तिला भेटायला आला. ओसरीवर बसून त्याने पर्सिमनचं फळ सोलत शहराच्या बातम्या सांगितल्या. तोनामीकाकूच्या सुनेला मुलगा झाला. कानायामाचीत नवीन अमेरिकन आला, तरुण आहे, लाखकामाचा अभ्यास करतो म्हणे.

"जपानी कसं बोलतो?"

"तुझ्यामाझ्यासारखं."

"आणि अग्रलेख?"

नोझुएने पिशवीतून ताजा अंक काढून तिच्यासमोर ठेवला. "तूच बघ. मला तर काही कळत नाही आता."

तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. वाक्यं गुळगुळीत होती, म्हणी जागच्या होत्या, मासा होता तो खाण्यातला होता. ती शेवटपर्यंत गेली, परत वर आली, पण कुठलं वाक्य इंग्रजीतून आलंय ते काही सापडेना. नोझुएने दुसरं पर्सिमन सोलायला घेतलं. किनुएने पेन्सिल मागितली आणि तिसऱ्यांदा वाचू लागली.